ऊन पाण्याचे सुख

गेल्या हिवाळ्यात आम्ही दीड महिना कॅनडात मुलाकडे राहून आलो. टोरोंटोच्या पश्चिमेस मिसिसागा नावाचे शहर आहे. आपल्या वसईची कितीतरी कुटुंबे त्या बाजूला स्थायिक झाली आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. मुलाच्या घरामागे छोटेसे अंगण आहे, अंगणात लाकडी ओटा आणि ओट्यावर चार-पाच माणसे बसतील असा चौकोनी टब. त्यावर जाड झाकण. झाकण उचलले की वाफेचा लोट उठे आणि भोवतालच्या बर्फावर विरून जाई. बाहेर उणे दहा अंश, आत अडतीस. पहिले आठ दिवस आम्ही काही ना काही निमित्त काढून त्या टबाला टाळले. या वयात उघड्यावर पाण्यात बसायचे, तेही सुनेच्या देखत, ही कल्पनाच मनाला पटेना. अखेर एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, “बाबा, एकदा बसून तर बघा. नाही आवडलं तर पुन्हा नाही विचारणार.”

आम्ही बसलो. आणि खरे सांगायचे तर पंधरा मिनिटांत आम्हांला आमच्या गुडघ्यांचा विसर पडला. गेली नऊ वर्षे हेच गुडघे देवळाची प्रत्येक पायरी मोजीत आले आहेत. पाठीवर पाण्याचे झोत येत होते, कपाळावर हिमकण पडून वितळत होते, देह हलका झाला होता. आम्ही डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांपुढे आई आली. वसईच्या जुन्या घराची न्हाणी, तिच्या कोपऱ्यातले चुलाण, तांब्याचा हंडा आणि पाटावर बसलेली, बोटे वाकडी झालेली आई. सुख झाले त्याच क्षणी आत काही टोचले. मुलाला आम्ही काही बोललो नाही. “छान वाटलं” एवढेच म्हणालो आणि तेही खोटे नव्हते.

हे टोचणे कसले, याचा विचार आम्ही नंतर बरेच दिवस करीत राहिलो. सुख उपभोगले म्हणून ख्रिस्ती मनाला वाटणारा तो जुनाच संकोच होता, की आणखी काही?

प्रथम या वस्तूविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती आता फक्त धनिकांची राहिलेली नाही. उत्तर अमेरिकेत व युरोपात मध्यमवर्गीयांच्या अंगणात असे टब सर्रास दिसतात. २०२० साली महासाथीमुळे माणसे घरात कोंडली गेली तेव्हा त्यांची मागणी इतकी वाढली की नोंदणी करून महिनोन्महिने थांबावे लागे. हवा भरून फुगवायचे स्वस्त टबही त्याच काळात घरोघर पोचले. आपल्याकडेही मुंबईतील उंच इमारतींच्या आणि शेतघरांच्या जाहिरातींत ‘जकुझी’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. हा शब्द मुळात एका कुटुंबाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्या कुटुंबाकडे आपण पुढे वळू.

ऊन पाण्याने शरीराला काय होते? मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते; सांध्यांवर उरतो तो सुमारे दहावा हिस्सा. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब काहीसा उतरतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. निजण्यापूर्वी तास-दोन तास आधी असे स्नान केल्यास झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असे टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दाखविले. जपानमध्ये सुमारे तीस हजार लोकांवर १९९० पासून जवळजवळ वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जे रोज ऊन पाण्याच्या टबात बसत त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा बसणाऱ्यांपेक्षा अठ्ठावीस टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात रोज टबात उतरू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याचा संभव अधिक, हेही विसरता कामा नये. १९९९ साली अमेरिकेतील एका डॉक्टरांनी मधुमेहाच्या आठ रुग्णांना तीन आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, अर्धा अर्धा तास असे बसविले आणि त्यांची रक्तशर्करा उतरल्याचे नोंदविले. आठ म्हणजे फारच थोडे. एवढ्यावर कोणी आपली गोळी बंद करू नये.

याला दुसरी बाजूही आहे. चाळीस अंशांपेक्षा अधिक ऊन पाणी धोक्याचे. गर्भवतींनी, हृदयविकार बळावलेल्यांनी आणि मद्य घेतलेल्यांनी त्यात बसू नये. वृद्धांनी एकदम उठू नये, भोवळ येते. ज्या जपानात हे स्नान एवढे गुणकारी ठरले, त्याच जपानात दर हिवाळ्यात अनेक वृद्ध माणसे टबातच दगावतात. आणि पाण्याची निगा राखली नाही तर ते पाणीच वैरी होते. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या, पाणी खळखळणाऱ्या टबातून लीजिओनेला नावाच्या जंतूंचे सूक्ष्म तुषार हवेत पसरले आणि तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. किमान बत्तीस दगावले. त्यांतील बहुतेक त्या टबाच्या नुसते जवळून गेले होते.

आमचे मन या टबाविरुद्ध वकिली करू लागले तेव्हा त्याने पहिला मुद्दा पाण्याचा काढला. आम्ही वसईची माणसे. आमच्या बावखलांत भराव पडताना आम्ही पाहिले आहेत. विहिरींतील पाणी टँकर भरभरून शहराकडे चालले होते तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने दिलेला लढा आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर झाला. तेव्हा एका घराच्या चैनीसाठी बाराशे लिटर पाणी! परंतु आमचा हा मुद्दा गणितात टिकला नाही. टबाचे पाणी गाळून, औषध घालून तीन-तीन महिने वापरतात. तेवढ्या काळात वीस लिटरच्या बादलीने रोज आंघोळ करणारा एक माणूस अठराशे लिटर पाणी संपवितो. खरा खर्च विजेचा. सत्तावीस अंशांचे बाराशे लिटर पाणी अडतीसपर्यंत नेण्यास पंधरा युनिटे लागतात आणि कॅनडाच्या थंडीत ते रात्रंदिवस तापते ठेवावे लागते. हा आक्षेप खरा आहे. परंतु थंडीत सबंध घरच तापते ठेवणाऱ्या देशात तो एकट्या टबावर घेणे म्हणजे उंट गिळून चिलट गाळण्यासारखे होईल. शिवाय आमचे टोचणे विजेच्या बिलाचे नव्हते, हे आम्हांला माहीत होते.

मग आम्ही दुसऱ्या कोर्टात गेलो. आपल्या धर्मपरंपरेचे स्नानाविषयी म्हणणे काय? लहानपणी प्रायश्चित्तकाळात आमची आजी गार पाण्याने आंघोळ करी आणि आम्हांलाही करायला लावी, तेव्हा आमची समजूत अशी झाली होती की प्रभूला गार पाणी आवडते. संत जेरोम यांचा कल तिच्या बाजूचा दिसतो. चौथ्या शतकातील रोममध्ये सार्वजनिक स्नानगृहे म्हणजे चैनीचे व चावटपणाचे आगर झाले होते आणि या तापसी विद्वानाचे मत असे की ज्याचे एकदा ख्रिस्तात स्नान झाले त्याला पुन्हा न्हाण्याचे कारण काय? आपण मराठी कॅथलिक ज्याला स्नानसंस्कार म्हणतो त्याच्या पावित्र्यापुढे त्यांना बाकीची स्नाने फोल वाटत असावीत.

पण सगळी परंपरा जेरोम यांच्यासारखी नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा छत्तिसावा अध्याय आजारी बंधूंविषयी आहे. आजाऱ्याला गरज असेल तेव्हा तेव्हा स्नान द्यावे. धडधाकटांना, विशेषतः तरुणांना मात्र क्वचित, असे ते सांगतात. आणि आजाऱ्याची सेवा साक्षात ख्रिस्ताची सेवा समजून करावी, हे त्याच अध्यायाच्या आरंभी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या थोर ग्रंथात दुःखावरील उपायांचा विचार करताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीला झोप आणि स्नान यांनाही बसविले आहे. देह आणि आत्मा यांचा संसार एकत्र आहे, देहाला विसावा मिळाला की तो आत्म्यालाही पोचतो, असा त्यामागील विचार. ज्या तत्त्वज्ञाची आम्ही तरुणपणी धास्ती घेतली होती त्याने ऊन पाण्याची अशी शिफारस करावी, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

त्याहून जवळचे वाटतात ते संत ऑगस्टीन. ३८७ साली ओस्तिया बंदरात त्यांची आई संत मोनिका वारली. ज्या आईने मुलाच्या परिवर्तनासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तिच्या दफनानंतर त्यांना रडूच येईना. स्नानाने मनाची व्यथा निघून जाते, ग्रीक भाषेतील त्या शब्दाचा अर्थच तसा आहे, असे त्यांनी कोठेतरी ऐकले होते; म्हणून ते स्नानाला गेले. आणि ते प्रांजळपणे लिहितात की स्नानापूर्वी जसा होतो तसाच नंतरही होतो. घामाबरोबर दुःख काही निघून गेले नाही. पुढे ते झोपले, उठल्यावर जीव थोडा हलका वाटला आणि मग एकांतात आईसाठी रडले. आईच्या आठवणीसह स्नानाला गेलेला माणूस आम्हांला येथे भेटला. आमचे उलट झाले, एवढेच. ते दुःख घेऊन पाण्यात उतरले. आम्ही सुख घ्यायला उतरलो आणि दुःख तेथे वाट पाहत होते.

तेव्हा देहसुख हे पाप नव्हे. परंपरेने ते फार पूर्वीच सांगून ठेवले आहे आणि या बाबतीत आम्ही आजीची बाजू सोडली. टोचणी त्यानेही गेली नाही.

आता त्या जकुझी कुटुंबाकडे वळू. उत्तर इटलीतील काझार्सा गावच्या एका शेतकरी कुटुंबातील सात भाऊ विसाव्या शतकाच्या आरंभी एकामागून एक अमेरिकेत कॅलिफोर्नियाला आले. प्रथम त्यांनी विमानांचे पंखे बनविले, पुढे बंदिस्त कक्षाचे विमानच बनविले. १९२१ साली त्यांचे एक विमान कोसळून एका भावासह चौघे मृत्युमुखी पडले आणि कुटुंबाने विमानांचा नाद सोडून पाण्याच्या पंपांचा धंदा धरला. खोल विहिरीतून पाणी उपसणारा त्यांचा जेट पंप शेतकऱ्यांत लोकप्रिय झाला. आपल्या वाड्यांतील रहाट बंद पडल्यावर विहिरींवर बसले त्या जेट पंपांचे हे सोयरेच म्हणावे लागतील.

सर्वांत धाकट्या भावाचे नाव कॅन्डिडो. १९४३ साली त्यांचा तान्हा मुलगा केनेथ आजारी पडला आणि त्या आजारातून त्याला संधिवात जडला. आमच्या आईला होता तोच सांधे वाकविणारा आमवात, पण दोन वर्षांच्या पोराला! रुग्णालयात पाणी घुसळणाऱ्या मोठ्या हौदात बसवून त्याच्यावर उपचार करीत. तेवढ्यापुरता मुलाला आराम पडे. पण रुग्णालयातील पाळी कधीतरी येई आणि दुखणे तर रोजचे. पंपांत मुरलेल्या बापाने विचार केला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या न्हाणीतील साध्या टबात सोडता येईल असा एक पंप तयार केला. विहिरीचे पाणी वर आणणारी विद्या त्याने मुलाच्या सांध्यांभोवती पाणी घुसळण्यासाठी वापरली. १९५६ मध्ये तो पंप रुग्णांसाठी बाजारात आला. १९६८ साली कुटुंबातील पुढच्या पिढीच्या रॉय जकुझी यांनी पंप व टब एकत्र करून नवी वस्तू काढली आणि तिला रोमन नाव दिले. संत जेरोम ज्या रोमवर चिडले होते, तेच रोम! तेथून पुढे हे उपचाराचे साधन चैनीचे झाले. १९७९ मध्ये कुटुंबाने धंदाही विकून टाकला. केनेथ मात्र मोठा झाला, त्या दुखण्यासह जगला आणि पुढे बापाच्या त्या शोधावर त्याने पुस्तक लिहिले.

ही हकीकत वाचली आणि योहानाच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आठवल्यावाचून राहिला नाही. यरुशलेमेत बेथेस्दाचे तळे, त्याचे पाच पडवीवजा मंडप आणि त्यांत पडून राहिलेले आंधळे, लंगडे, लुळे लोक. पाणी ढवळले जाई तेव्हा प्रथम उतरेल तो बरा होतो, अशी श्रद्धा. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस होता. बरे व्हायची इच्छा आहे का, असे येशूने विचारले तेव्हा त्याने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. पाणी ढवळले जाते तेव्हा आपल्याला तळ्यात सोडायला कोणी माणूस नाही, एवढेच गाऱ्हाणे त्याने सांगितले. तळे जवळ होते, ढवळणेही होत होते. नव्हता तो माणूस. केनेथला तो माणूस होता, आणि तळे नव्हते तर त्या माणसाने घरात तळे आणले.

आमची आई शेवटची दोन वर्षे बिछान्याला खिळून होती. १९९४ साली ती गेली. शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी म्हणून, तिला न्हाऊ घालण्याचा परिपाठ होता. मिस्सेला ती जाऊ शकत नव्हती. पण धर्मगुरू कम्युनियन घेऊन येत आणि त्यासाठी स्वच्छ असावे, असा तिचा हट्ट. हंड्यात निर्गुडीचा पाला टाकून पाणी उकळायचे, घंगाळात विसणायचे, आणि तिला खाटेवरून उचलून न्हाणीत नेऊन पाटावर बसवायचे. न्हाऊ घालण्याचे काम सौभाग्यवतींचे, उचलण्याचे आमचे. अंगावर ऊन पाणी पडले की आई डोळे मिटी आणि तिच्या तोंडून एक लांब सुस्कारा बाहेर पडे. तेवढाच आठवड्यातला तिचा आराम.

पहिल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी ती म्हणाली, “आता नको रे न्हाणीत. अंग पुसलं तरी चालतंय मला. उगाच हेलपाटा.” आम्ही दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. त्या दिवसापासून ओल्या फडक्याने अंग पुसणे सुरू झाले आणि शनिवारची आमची संध्याकाळ मोकळी झाली. आईलाच नको आहे, असे आम्ही भावंडांना सांगत असू. ती गेल्यावर काही महिन्यांनी बोलता बोलता सौभाग्यवतींच्या तोंडून निघून गेले. आईने त्यांना सांगितले होते, “मला उचलताना त्याचं तोंड बघितलंस? त्याला नको झालंय. तू त्याला बोलू नको.”

तर टोचत होते ते हे. अडतीस अंशांच्या पाण्यात आम्ही डोळे मिटून सुस्कारा सोडला, तो तिचाच सुस्कारा होता. वर्षभराहून अधिक काळ तिला तो मिळाला नाही, कारण आमच्या चेहऱ्यावरचे तिला वाचता येत होते.

यावर कोणी म्हणेल, यंत्राने माणसाची जागा घेऊ नये, ही तुमच्या गोष्टीची शिकवण झाली. आम्हांला तसे म्हणवत नाही. सेवा हाताने करावी, पाय आपल्या हाताने धुवावेत, हे पवित्र गुरुवारी आपण दरवर्षी पाहतो आणि ते खरेच आहे. परंतु ज्याची सेवा होते त्याच्या बाजूने विचार केला तर चित्र थोडे निराळे दिसते. परक्या हातांपुढे उघडे व्हावे लागणे, मुलाच्या कपाळावरची आठी पाहत त्याच्या खांद्यावर भार टाकणे, हीही एक वेदनाच असते आणि ती कोणत्याही पाल्याच्या काढ्याने जात नाही. उचलायला एखादे साधन असते, खाटेजवळ आणता येणारा एखादा टब असता, तर आईने ‘नको’ म्हटले नसते. त्या यंत्राला कंटाळा आला नसता आणि आम्हीही कदाचित तिच्याशी चार शब्द बोलत तेथे बसलो असतो. दयेच्या कामाला प्रत्येक वेळी घाम गाळलाच पाहिजे, असा आग्रह बहुधा ते काम न करणारेच धरतात.

दुसरीकडे हेही खरे की साधन आले की माणूस तेथून निघून जाण्याचा संभव वाढतो. कॅन्डिडो जकुझी यांनी पंप बनविला तो रोज मुलाजवळ राहता यावे म्हणून, की कामावर निश्चिंत जाता यावे म्हणून, हे पंपाकडे पाहून सांगता येणार नाही. तीच वस्तू दोन्ही कामांना येते. म्हणूनच एखादी सुखसोय चांगली की वाईट, हा प्रश्न आम्हांला आता अपुरा वाटतो. ती आल्यावर घरात कोण कोणाजवळ बसले आणि कोण उठून गेले, ते पाहावे लागते, आणि ते प्रत्येक घरात वेगळे असणार.

व्हॅटिकनमधील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या कारकीर्दीत, २०१५ च्या फेब्रुवारीत, सेंट पीटर चौकाच्या स्तंभांलगत रोममधील बेघर लोकांसाठी स्नानगृहे सुरू झाली. केस कापण्याचीही सोय झाली. पोपमहोदयांच्या वतीने दानधर्माचे काम पाहणारे कोनराड क्रायेव्स्की यांनी एका बेघर माणसाला जेवायला बोलावले होते. अंगाला वास येतो म्हणून तो यायला तयार नव्हता. त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. तो माणूस भुकेला होता, पण जेवणापूर्वी त्याला पाणी हवे होते, कारण पाण्याशिवाय त्याला पंक्तीत बसता येत नव्हते. तेथे कोणी त्याला आपल्या हाताने न्हाऊ घातले नाही. त्याला ऊन पाणी, साबण, टॉवेल आणि आतून कडी लावता येणारे दार दिले. ते दार आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या वसईतील किती घरांत आज बिछान्याला खिळलेली म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या न्हाणीत धरायला एक दांडी नाही, बसायला नीट खुर्ची नाही. आणि त्याच घरांत परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेले फरशांचे स्नानगृह कुलूपबंद असते. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्याही घरात ते आहे.

मुलाच्या टबाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. त्याची पाळी कधी रात्रीची, तिची दिवसाची. नात बारा वर्षांची. जेवणाच्या टेबलावर तिघे तीन पडद्यांकडे पाहत बसलेले आम्ही महिनाभर पाहिले आणि मनातल्या मनात त्यावर एक कडक लेखही रचला होता. शुक्रवारी रात्री मात्र तिघे टबात बसत. मोबाइल पाण्याने बिघडतो, म्हणून तो घरातच राही. तेवढा अर्धा तास नात शाळेतल्या मैत्रिणींची भांडणे सांगे, सून कामावरच्या गमती सांगे आणि मुलगा, जो एरवी हूं की चूं करीत नाही, मोठ्याने हसे. खिडकीतून ते हसणे आम्हांला ऐकू येई. जुन्या घरी शनिवारी चुलाणाभोवती आम्ही पोरे जमत असू, कोणाची आंघोळ आधी यावरून भांडत असू, त्याची आठवण होई. चैनीवर लिहायचा तो लेख आम्ही अजून लिहिलेला नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आपण होऊनच म्हणालो, आज बसू या. पाण्यात बसल्यावर मुलाने आजीविषयी विचारले. ती गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि तिच्या खाटेला निर्गुडीचा वास यायचा, एवढेच त्याला आठवत होते. आम्ही त्याला सगळे सांगितले. शनिवार सांगितला, आठी सांगितली, सौभाग्यवतींचे ते बोलणेही सांगितले. तो काही बोलला नाही. पाण्याचे झोत त्याने बंद केले, त्यामुळे एकदम शांत झाले. थोड्या वेळाने म्हणाला, “वीस मिनिटं झाली, बाबा. तुमचं ब्लडप्रेशर आहे, आता उठा. हळू.” तो आधी बाहेर पडला. बाहेर वारा होता आणि पायरीवर बर्फ गोठला होता. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, पाय रोवून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मग हात धरले.